कारखान्याचे छप्पर आणि रात्रीची वीज

पाळीहून डिचोली, पिसुर्ले किंवा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीकडे गेलात तर तेथील शेडच्या छपरांकडे नीट पाहा. सौर पॅनेल बसवायला घरापेक्षा कारखान्याचे छप्पर सोयीचे. ते लांबरुंद असते, त्यावर माडांची सावली सहसा पडत नाही आणि यंत्रेही जास्त करून दिवसा चालतात. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, म्हणून छपरावरच्या प्रत्येक युनिटला मोल आहे. पेडण्यातील मोपा विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले, तेथेही सौर प्रकल्प आहे.

आता थोडा हिशेब. शेड ५० मीटर लांब, २० मीटर रुंद, म्हणजे छप्पर १००० चौरस मीटर. एक किलोवॅटला चालण्याच्या वाटेसह १० चौरस मीटर जागा धरली तर १०० किलोवॅटची पॅनेले बसतील. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो, म्हणजे एकूण ४०० युनिट. चैत्रात याहून जास्त, आषाढात बरेच कमी.

खरी परीक्षा सूर्य मावळल्यावर. रात्रपाळीत ५० किलोवॅटची यंत्रे आठ तास चालली की तेवढेच ४०० युनिट लागतात. ते साठवायचे तर दिवसाच्या कामाला काही उरतच नाही! शिवाय साठवताना आणि परत काढताना काही वीज वाया जाते, ती वेगळीच.

पुष्कळांना एक गोष्ट ठाऊक नसते. पावसात झाड पडून वीज गेली की छपरावर ऊन असूनही साधी सौर यंत्रणा बंद पडते. तारा दुरुस्त करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तिची रचनाच तशी असते. कारखाना चालू ठेवायचा तर बॅटरी आणि त्या जोडीचा वेगळा इन्व्हर्टर हवा. शिशाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर निकामी होते, त्यामुळे ४०० युनिट हवे तर ८०० युनिटची बसवावी लागते. लिथियमची बरीच खालपर्यंत वापरता येते, पण महाग. उष्णता दोघींनाही मानवत नाही, म्हणून तापणाऱ्या पत्र्याखाली त्या ठेवू नयेत.

आपल्या भागातील खाणींचे पाण्याने भरलेले खंदक पाहून कोणी विचारील, हे पाणी दिवसा वर चढवून रात्री खाली सोडले तर? कल्पना खुळी नाही. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचे, गरज पडली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. पण एक घनमीटर पाणी ५० मीटर खाली आले तर ४,९०,००० ज्यूल ऊर्जा मिळते, आणि एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. ४०० युनिटांसाठी, गळती शून्य धरली तरी, सुमारे २,९४० घनमीटर पाणी हवे. म्हणजे आपल्या शेडएवढाच लांबरुंद आणि तीन मीटर खोल तलाव. तो बांधायचा कुठे? खाणीच्या मातीच्या सैल ढिगाऱ्यावर, तोही आपल्या पावसात? घाटघरला सह्याद्रीचा कडा आहे, उंची आयती मिळते.

मला विचाराल तर सर्वांत स्वस्त साठवण म्हणजे काम दिवसा उरकणे. बर्फाच्या कारखान्याने दुपारी बर्फ केला की वीज बर्फाच्या रूपात साठलीच. टाकीत पाणी दुपारी चढवावे, दळण-कांडणाची यंत्रे उन्हात चालवावीत. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांतही हेच सूत्र आहे. १० किलोवॅटवरील औद्योगिक ग्राहकाला उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि जास्त मागणीच्या तासांत किमान १.२ पट असावा, असे ते सांगतात. उरलेल्या, थांबवता न येणाऱ्या कामापुरतीच बॅटरी घ्यावी. संध्याकाळी २० किलोवॅट दोन तास, म्हणजे ४० युनिट.

आठवी ते दहावीच्या मुलांनी घरी, दुकानात किंवा गॅरेजमध्ये आठवडाभर कोणते यंत्र किती वाजता चालते ते लिहून आणावे. त्यातले दुपारवर काय ढकलता येईल, ते वर्गात ठरवू.