सात वाजता मोबाईल कोणी ठेवायचा?

दिवेलागणीला पाथरीतल्या आपल्या वस्तीत चक्कर मारा. आई चुलीपाशी, बाप नुकताच कामावरून आलेला आणि भिंतीला टेकून लेकरू मोबाईलवर. आम्ही त्या माऊलीला दोष देणार नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला भाकरी थापायला अर्धा तास शांतता हवी असते आणि मोबाईल ती देतो. पण तो अर्धा तास तिथे थांबत नाही. मग जेवणही त्यावरच, झोपही त्यावरच.

लहान लेकरू बोलायला शिकते ते कोणीतरी त्याच्याकडे बघून बोलल्यामुळे, त्याच्या 'आ-ऊ'ला उत्तर दिल्यामुळे. मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. बघता बघता जेवणाऱ्या लेकराला पोट भरल्याचे कळत नाही. रात्रीच्या उजेडाने झोप लांबते आणि सकाळी शाळेत ते पेंगते. बाहेर उजेडात न खेळणाऱ्या मुलांना लांबचे कमी दिसण्याचा धोकाही वाढतो. म्हणूनच भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की 2 वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको आणि 2 ते 5 वर्षांत दिवसाला 1 तासाच्या वर नको.

हे सगळे आपल्याला ऐकून माहीत असते. अडते ते करण्यात. लेकराच्या हातचा मोबाईल ओढून घेतला, की ते रडते आणि शेजारच्या दारात जाऊन तिथल्या मोबाईलमध्ये डोके घालते. एका घराने ठरवून भागत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने हे ओळखले. टाळेबंदीत ऑनलाईन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवले, की संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद आणि साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला हे जमेल का, अशी लोकांना शंका होती. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. आम्हाला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की नियम मुलांपुरता नव्हता. आईची मालिका आणि बापाचे व्हिडिओ त्याच दीड तासात बंद होते. (मालिका सोडणे मुलांपेक्षा आपल्यालाच जड जाईल, हे मान्य करू.)

'आमची एकच खोली, कुठे बसवू अभ्यासाला?' असे कोणी म्हणेल. परळच्या डबक चाळीत रामजी सुभेदारांचीही एकच खोली होती. ते भीमरावाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवत. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून बापाने वेळ काढला, आपली झोप मोडून. आपल्याला तर फक्त दीड तास टीव्ही बंद ठेवायचा आहे.

या वेळात वेगळे काही करायला नको. लेकराला लसूण सोलायला बसवा, परातीतल्या पिठाचा गोळा द्या, चिंचोके मोजायला द्या. आजीला तिच्या लहानपणचे विचारा. मोठ्या मुलीने धाकट्याचे वाचन घ्यावे. पहिले चार-आठ दिवस लेकरू चिडेल, त्याला मारू नका. आपलाही मोबाईल फळीवर आहे, हे त्याला दिसू द्या. रात्री मोबाईल उशाशी नको, दाराजवळ चार्जिंगला लावा.

एक सूट मात्र हवीच. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची लेकरे इथे आजी-आजोबांकडे राहतात. त्यांना आईचा चेहरा दिसतो तो व्हिडिओ कॉलवरच. तो वेळ या हिशोबात धरू नका.

वस्तीने मिळून सुरू करायचे, तर वर्षावास सोयीचा. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात, तेव्हा मोबाईल तसाही बाजूला असतो. तीच वेळ पुढे वर्षभर धरता येईल. महिला मंडळाने विहारात बसून आपल्या वस्तीची वेळ ठरवावी. भोंगा नसला तर थाळी वाजवली तरी चालेल.

दोन वर्षांचे लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल किंवा शाळेतले मूल फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करत असेल, तर थांबू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व सरकारी शाळेत तपासणीला येते, ती मोफत असते. पथक कधी येणार ते सेविकाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.