संगणकावरील चित्रकला : मोबदला आणि हक्क

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि एकाच चित्राच्या असंख्य प्रती घरोघरी पोहोचू लागल्या. तथापि प्रत्येक प्रतीस कागद, शाई व मजुरी लागत असे. म्हणून प्रतीला किंमत होती. संगणकावर काढलेल्या चित्राची प्रत मात्र जवळजवळ विनाखर्च निघते. इंटरनेटवर ठेवलेले चित्र क्षणार्धात हजारो लोक पाहतात, पण त्याचे मूल्य देण्याची गरज कोणासही भासत नाही. संगणक-चित्रकाराच्या आर्थिक विवंचनेचे मूळ येथे आहे.

उत्पन्नाचे मार्ग

मागणीनुसार चित्रे काढून देणे, छापील प्रती विकणे आणि चाहत्यांकडून मासिक वर्गणी घेणे हे उत्पन्नाचे प्रमुख मार्ग होत. वर्गणीची सोय करणारी ‘पॅट्रिऑन’ ही संस्था २०१३ मध्ये सुरू झाली. अशा संस्था आपले कमिशन कापून घेतात, आणि वर्गणीदार केव्हा कमी होतील याचा नेम नसतो. मार्च २०२१ मध्ये ‘बीपल’ या अमेरिकन चित्रकाराची संगणकीय कलाकृती लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली गेली. परंतु २०२२ मध्ये तो बाजार कोसळला. त्याच वर्षी, शब्दांत वर्णन देताच चित्र तयार करणाऱ्या संगणकप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. आपली चित्रे या प्रणालींच्या शिक्षणासाठी विनापरवाना वापरली गेली, अशी तक्रार घेऊन जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील तीन चित्रकारांनी न्यायालयात दावा दाखल केला.

कायद्याचे संरक्षण

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये चित्र निर्माण होताच स्वामित्वहक्क अस्तित्वात येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. परंतु एक तरतूद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. मोबदला देऊन कोणी रंगचित्र वा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि उलट करार केलेला नसला, तर ते काढून घेणारी व्यक्तीच पहिली हक्कदार ठरते. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्कही सामान्यतः मालकाकडे जातो. म्हणजेच केवळ तोंडी बोलीवर काम घेणारा चित्रकार चित्राबरोबर पुढील उत्पन्नही गमावू शकतो.

करार करताना

हक्क दुसऱ्यास देण्याचा करार लेखी व स्वाक्षरीसह असावा लागतो. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. चित्राचा वापर कोठे व किती काळ होणार, दुरुस्त्या किती वेळा करावयाच्या, आगाऊ रक्कम किती आणि उर्वरित केव्हा मिळणार, हे काम हाती घेण्यापूर्वीच लिहून घ्यावे. मूळ फाइल व तारखांसह कच्ची रेखाटने जपून ठेवल्यास वाद उद्भवल्यावर पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात.

हक्क विकल्यानंतरही चित्राचे कर्तृत्व आपले आहे असे सांगण्याचा, तसेच आपल्या लौकिकास बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. या तरतुदींची माहिती नवोदित चित्रकारांना त्यांच्या शिक्षणक्रमातच मिळाली, तर पहिल्या कामापासूनच त्यांना आपल्या श्रमाचे मोल लेखी ठरवून घेता येईल.