संकल्प, नेम आणि मुद्रणप्रत



आत्मविकासाचे विचार ज्याच्या वहीत भरपूर साठले आहेत, परंतु ज्याचे एकही लेखन शेवटास गेलेले नाही, अशा तरुणाने प्रथम संकल्प आणि नेम यांतील भेद ओळखावा. संकल्प म्हणजे मनाने एकदा केलेला निश्चय. नेम म्हणजे वेळ, जागा आणि माप ठरलेले असे कृत्य, की जे करावे की न करावे याचा खल रोज नव्याने करावा लागत नाही. ‘लेखन सुधारायचे’ हा संकल्प होय. ‘सकाळच्या चहानंतर खिडकीजवळच्या टेबलाशी एक परिच्छेद’ हा नेम होय. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून भरपाई करू नये, कारण माप वाढले की नेम जड होतो आणि जड झालेला नेम लवकर सुटतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणासाठीच दिला असून, त्यात बरू, शाई आणि सरळ ओळी यांचा विचार तर आहेच, पण कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर जाऊ नये म्हणून भोवती कोरी जागा सोडण्याचीही सूचना आहे. परमार्थाचे विवेचन करणाऱ्या ग्रंथाने कागदाच्या कडेपर्यंत उतरावे, यावरून उपदेश हाताच्या कामात आल्यावाचून पुरा होत नाही हे स्पष्ट होते.

नेमाने पाने भरतात. कृती पूर्ण होण्यासाठी मात्र मर्यादा लागते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा मूळ बेत ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आपल्या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या इतिहासाचे एक प्रकरण जोडण्याचा होता. विषय वाढत गेला आणि त्यातून ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’ हा सुमारे साडेसहा हजार पृष्ठांचा ग्रंथ उभा राहिला. वकिली सांभाळून आरंभलेल्या या ग्रंथाचा पहिला खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० साली प्रकाशित केला आणि पाचवा खंड १९६२ साली पूर्ण झाला, तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. सगळे जमल्यावरच छापू, असे ते म्हणत बसले असते तर अभ्यासकांना ३२ वर्षे वाट पाहावी लागली असती. खंड म्हणजे मोठ्या कामाचा असा भाग, की जो स्वतंत्रपणे वाचकाच्या हाती देता येतो. अफाट विषय आवरण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

म्हणून अशा तरुणाने नव्या संकल्पांची यादी तूर्त बाजूला ठेवून हाती असलेल्या लेखांपैकी एकच निवडावा, त्याची लांबी आणि अखेरची तारीख ठरवावी आणि महिनाअखेर त्याची मुद्रणप्रत, म्हणजे छपाईस देण्याजोगी स्वच्छ प्रत, तयार करून एका जाणत्या वाचकाच्या हाती द्यावी. त्यानंतरच दुसऱ्या लेखाचे पान उघडावे.