बाबांना यकृताचा भाग देऊ का?

प्रश्न : बाबांचं यकृत निकामी झालंय. मी 26 वर्षांची, अविवाहित. यकृताचा भाग द्यायला तयार आहे. पण आई माझ्या लग्नाच्या काळजीने रडते. काय करू?

उत्तर : 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार सज्ञान मुलगी जवळची नातेवाईक म्हणून दान करू शकते. रक्तगट, सीटी स्कॅन, यकृतातली चरबी तपासतील. उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत वाढतं. लग्न, बाळंतपणाला सहसा बाधा येत नाही. आईला हे डॉक्टरांकडूनच ऐकू द्या. मात्र शस्त्रक्रिया मोठी आहे. पित्तगळती, संसर्ग होऊ शकतो; क्वचित दात्याचा मृत्यूही होतो. म्हणून डॉक्टरांना एकदा एकटीने भेटा. भूल देण्यापूर्वी कधीही नकार देता येतो, आणि तो देणारी मुलगी कृतघ्न नसते. बाबांचं नाव मृत दात्याच्या यकृतासाठी असलेल्या विभागीय प्रतीक्षायादीतही आजच नोंदवा.