जुन्या बीएसएला मिस्त्री कुठला?

प्रश्न : आजोबांची युद्धकाळातली बीएसए एम-२० आहे. गार असताना सुरू होते, तापली की बंद पडते. भरवशाचा मिस्त्री कसा शोधावा? – एक वाचक, कुळगाव

उत्तर : लक्षणं मॅग्नेटोची वाटतात. आतला कंडेन्सर किंवा वायंडिंग तापलं की ठिणगी मरते. उगाच कार्बोरेटर खोलू देऊ नका. मॅग्नेटो उतरवून वायंडिंगवाल्याकडे पाठवा. मॅग्नेटो पिशवीत घालून लोकलनेही जातो, गाडी टेम्पोत चढवायची गरज नाही.

बाकी कामाला बीएसएचाच मिस्त्री हवा हा हट्ट सोडा. १९५५ पासून मद्रासला तयार झालेली बुलेट मुळात ब्रिटिशच. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर हात बसलेला कल्याण-उल्हासनगरकडचा म्हातारा मिस्त्री चालेल, मॅग्नेटो सोडून. त्याची पेटी उघडायला लावा. जुन्या ब्रिटिश मापाचे व्हिटवर्थ पाने नसतील आणि तो मिलिमीटरचा पाना ठोकून बसवू लागला, तर नमस्कार करून निघा. नटांचे कोपरे गेले की परत येत नाहीत. किक मारण्यापूर्वी हँडलवरचा टायमिंगचा लिव्हर मागे घेतो का, तेही बघा. नाही घेतला तर किक उलटी बसून पाय मोडायचा. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या रॅलीत मोटरसायकलीही असतात. तिथल्या मालकांना मिस्त्री विचारा. आणि पहिल्याच फेरीत अख्खं इंजिन खोलायला देऊ नका.