जेरुशा : ‘वारसा’ असा अर्थ असलेले एक दुर्मिळ नाव

निशी-कसाईतील मराठी घरात मुलगी जन्माला आली की नावाची चर्चा एका लिपीत संपत नाही. आजीला ते देवनागरीत नीट लिहिता आले पाहिजे. पासपोर्टवर ते रोमन अक्षरांत बसले पाहिजे. आणि पुढे शाळेत गेल्यावर दप्तरावर, डब्यावर, शाळेत घालायच्या बुटांवर ते हिरागानात किंवा त्याच्याच भावंडात, म्हणजे काताकानात, लिहावे लागते. घर बेने इस्राएल असेल तर चौथी लिपीही येते, ती हिब्रू. या चारही लिप्यांतून फिरलेले आणि तरीही फार कमी मुलींना मिळालेले एक नाव म्हणजे जेरुशा.

१. नाव आले कोठून?

तनाखमध्ये हे नाव दोनच ठिकाणी येते : राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १५, वचन ३३) आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २७, वचन १). दोन्हीकडे माहिती एकच आहे. यहूदाचा राजा योथाम पंचविसाव्या वर्षी गादीवर आला, त्याने यरुशलेमेत सोळा वर्षे राज्य केले, आणि त्याच्या आईचे नाव येरुशा, ती सादोकाची मुलगी. मराठी बायबलात हे नाव ‘यरूशा’ असे आढळते.

यहूदाच्या राजांची हकिकत सांगताना त्यांच्या आईचे नाव नोंदवण्याची प्रथा या पुस्तकांत आहे. त्या प्रथेमुळेच हे नाव टिकले. येरुशा काय बोलली, कशी वागली, यातले काहीच लिहिलेले नाही. पण तिच्या घरात काय घडले ते मात्र लिहिले आहे. तिचा नवरा राजा उज्जीया गर्वाने मंदिरात स्वतः धूप जाळायला गेला, त्याला कोड फुटले आणि मरेपर्यंत त्याला वेगळ्या घरात राहावे लागले. बाप जिवंत असतानाच मुलगा योथाम राज्यकारभार पाहू लागला. पुढे त्याने मंदिराचा वरचा दरवाजा बांधला आणि चांगला राजा म्हणून नाव मिळवले. नवरा बाजूला पडलेला आणि तरुण मुलाच्या खांद्यावर राज्य, अशा घरातली ही आई होती.

२. शब्दाचा अर्थ

हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून बनतात. येरुशाचे मूळ योद, रेश, शिन असे आहे. त्याचा अर्थ वारशाने मिळणे, ताब्यात येणे. आजच्या हिब्रूतही वारसाला ‘योरेश’ आणि वारशात मिळालेल्या मालमत्तेला ‘येरुशा’ म्हणतात. ‘येरुशालाईम’ हे नाव कानाला जवळचे वाटते, पण त्याची व्युत्पत्ती वेगळी आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

याच मुळापासून ‘मोराशा’ हा शब्द होतो. अनुवादाच्या पुस्तकात (अध्याय ३३, वचन ४) मोशेने दिलेल्या तोराला याकोबाच्या मंडळीची मोराशा म्हटले आहे. लहान मुलांना बोलता येऊ लागताच हे वचन शिकवण्याची जुनी रीत आहे. काही अभ्यासक दोन शब्दांत असा फरक सांगतात : येरुशा आयती हातात पडते, ती उडवूनही टाकता येते, मोराशा मात्र कष्टाने सांभाळायची आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यायची असते.

वारसा आणि मुली यांचा विषय तोरात स्वतंत्रपणेही आला आहे. गणनाच्या पुस्तकात (अध्याय २७) सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे असा निर्वाळा मिळतो. नावाचा अर्थ ‘वारसा’ असलेल्या मुलीने ही गोष्ट जरूर वाचावी.

३. ‘ये’चा ‘जे’ कसा झाला?

हिब्रूतील ‘य’ ग्रीक आणि लॅटिनमधून जाताना आय या अक्षराने लिहिला जाई. पुढे त्याच अक्षरापासून जे हे वेगळे अक्षर झाले आणि इंग्रजीत त्याचा उच्चार ‘ज’ ठरला. म्हणून योसेफचा जोसेफ, याकोबचा जेकब, यरुशलेमचे जेरुसलेम आणि येरुशाची जेरुशा झाली. मराठी बायबलाने ‘य’ राखला. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पिढीने ‘ज’ घेतला. दोन्ही उच्चार बरोबर आहेत.

जपानीत गंमत वेगळीच आहे. आजच्या जपानी बोलीत ‘ये’ हा ध्वनी मुळात नाही. जग ज्याला येन म्हणते, त्या चलनाला जपानी माणूस ‘एन’ म्हणतो. त्यामुळे ‘येरुशा’ जपानी जिभेवर ‘इएरुशा’ होते, पण ‘जेरूशा’ सहज लिहिता आणि बोलता येते.

४. नाव मागे का राहिले?

बेने इस्राएल समाजात पूर्वी नावांना मराठी वळण होते. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग उभारणारे शमुएल यहेज्केल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. मुलींची तर कितीतरी नावे शेजारपाजारच्या मराठी घरांतल्यासारखीच असत. एकोणिसाव्या शतकात मराठीत छापलेली पवित्र शास्त्राची पुस्तके घरोघर आली, मिशनच्या आणि समाजाच्या शाळांत हिब्रू शिकवले जाऊ लागले, जोसेफ यहेज्केल राजपुरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थना मराठीत आणल्या. त्याबरोबर तनाखमधली नावे मूळ रूपात परत आली.

पण परत आली ती प्रामुख्याने ओळखीची नावे. सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांचा उच्चार शब्बाथच्या रात्री मुलींना आशीर्वाद देताना होतो. एस्तेरची गोष्ट पुरीमला वाचतात, रूथ आणि नामीची शाबुओथला, हन्नाची प्रार्थना रोश हशानाला. जे नाव दरवर्षी कानावर पडते, ते बारशाच्या दिवशी आठवते. येरुशाच्या वाट्याला ना सण आला ना गोष्ट. नाव दुर्मिळ राहण्याचे हेच मोठे कारण.

५. डॉ. जेरुशा झिराड

तरीही एका बेने इस्राएल घराने ते निवडले. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० साली शिमोग्यात झाला. झिराड हे आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या पुढील शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि १९१९ साली प्रसूती व स्त्रीरोग या विषयात एम. डी. झाल्या. १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा इस्पितळाची धुरा त्यांच्याकडे होती. बाळंतपणात बायका दगावणे ही त्या काळी नशिबाची गोष्ट मानली जाई. त्यांनी मुंबई शहरातील अशा मृत्यूंची कारणे शोधून त्यावर अहवाल लिहिला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

समाजाच्या कामातही त्या पुढे होत्या. १९२५ साली मुंबईत सुरू झालेल्या ज्यूइश रिलिजस युनियनच्या स्थापनेत त्यांचा वाटा मोठा होता. शास्त्रातली येरुशा फक्त कुणाची तरी मुलगी आणि कुणाची तरी आई म्हणून उरली. मुंबईतल्या जेरुशाने त्याच नावाला स्वतःचे काम जोडले. आज भारतात हे नाव जाणकारांना ठाऊक असते ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

६. जपानची ‘जूडी’

सतराव्या-अठराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या प्युरिटन ख्रिस्ती घरांत जुन्या करारातली नावे आवडीने ठेवत, त्यांत जेरुशाही होते. विसाव्या शतकापर्यंत ते जुनाट वाटू लागले. १९१२ साली जीन वेब्स्टर या अमेरिकन लेखिकेची ‘डॅडी लाँग लेग्ज’ ही कादंबरी आली. तिची नायिका अनाथाश्रमात वाढलेली जेरुशा ॲबट. आश्रमाच्या बाईंनी तिचे आडनाव टेलिफोनच्या यादीतून आणि नाव एका थडग्यावरून उचललेले असते. कॉलेजात पोहोचताच ती ते नाव टाकून ‘जूडी’ होते.

जपानमध्ये ही कादंबरी ‘आशिनागा ओजिसान’, म्हणजे ‘लांब पायांचे काका’, या नावाने पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. १९९० साली तिच्यावर टीव्हीची कार्टून मालिकाही झाली. आई-वडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करणारी ‘आशिनागा’ ही जपानी संस्था याच पुस्तकावरून नाव घेऊन उभी आहे. तिचे स्वयंसेवक स्टेशनबाहेर मदत गोळा करताना दिसतात. म्हणजे जपानी माणसाला जूडी माहीत असते, तिचे खरे नाव जेरुशा हे मात्र थोड्यांच्याच लक्षात असते.

कादंबरीतल्या मुलीने नाव का टाकले, हे समजून घेण्यासारखे आहे. ते नाव तिला कुणी प्रेमाने दिलेले नव्हते. त्यामागे कुणी आजी नव्हती, घर नव्हते. वारसा असा अर्थ असलेले नाव, पण वारसा मात्र काहीच नाही. नावाचे वजन शब्दकोशात नसते, देणाऱ्याच्या हातात असते.

७. परक्या देशातले नाव

परदेशात नाव ठेवताना सोपेपणाकडे ओढा असतो. त्यात गैर काही नाही. नामीचे हिब्रू रूप नाओमी जपानी कानाला परके वाटत नाही, कारण जपानीत त्याच उच्चाराचे स्वतंत्र नाव आहे. हाना म्हणजे हिब्रूत कृपा, जपानीत फूल. सलाफहादाच्या मुलींपैकी नोआ हे नाव शतकानुशतके फारसे कुणी ठेवत नव्हते; अलीकडच्या दशकांत ते इस्राएलमधल्या सर्वांत आवडत्या नावांत गेले, आणि जपानी मुलींमध्येही ऐकू येते. एखादे विसरलेले नाव पुन्हा उभे राहू शकते, हे यावरून दिसते.

जेरुशाचे तसे होईल की नाही, हे घराघरांवर आहे. नाव संग्रहालयात जपता येत नाही. ते कुणाला तरी द्यावे लागते, आणि देताना त्यामागची हकिकत सांगावी लागते. हकिकत न सांगता दिलेले नाव म्हणजे नुसती येरुशा. सांगून दिलेले नाव मोराशा होते.

शब्द लक्षात ठेवा

येरुशा : वारशाने मिळालेली वस्तू
योरेश : वारस
मोराशा : जपून पुढे द्यायचा वारसा

घरी करण्याचा अभ्यास

१. आजी-आजोबांना फोन करून तुमच्या पणजीचे नाव विचारा. सिनेगॉगमधले नाव आणि घरात हाक मारायचे नाव वेगळे होते का?
२. स्वतःचे नाव देवनागरी, हिब्रू, रोमन आणि काताकाना या चारही लिप्यांत लिहा. कोणत्या लिपीत उच्चार बदलतो?
३. वडीलधाऱ्यांसाठी : घरातले असे एक नाव सांगा जे आता कुणालाच ठेवलेले नाही, आणि ते ज्या व्यक्तीचे होते तिची एक आठवण मुलांना मराठीत सांगा.