सौर विजेचा ताळेबंद : ढुंडी गांवचा प्रयोग व आपली विहीर

शेतकऱ्याच्या धंद्यांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याबरोबर दोन प्रश्न येतात. तें चालतें कसें हा पहिला, व तें परवडतें कां हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर यंत्र विकणारा आनंदानें देतो. दुसऱ्याचें उत्तर मात्र ज्याचें त्यानें आपल्या वहींत काढावयाचें असतें. सौर पंपासंबंधीं जेवढें बोललें व लिहिलें जातें त्यांत पहिल्याच प्रश्नाचा भाग मोठा असतो. सबब या लेखांत दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे, व त्यासाठीं गुजरातेंत झालेल्या एका प्रयोगाचा आधार घेतला आहे.

शेती वहीखात्यावर मांडून पाहण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवची पाहणी करून ती सन १९१७ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें प्रो. धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेनें वाई तालुक्यांतील शेतीधंद्याची पाहणी केली, ती सन १९४० मध्यें बाहेर पडली. शेतीचें बरेंवाईट केवळ पिकाच्या जोमावरून न ठरवितां जमाखर्चावरून ठरवावें, ही दृष्टि अशा पाहण्यांनीं दिली. ढुंडीचा प्रयोग याच वाटेवरचा आहे. फरक इतकाच कीं, त्यांत पीक म्हणून ज्वारी किंवा तंबाखू नसून वीज आहे.

ढुंडीचा प्रयोग.— गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत ठासरा तालुक्यांत ढुंडी हें लहानसें गांव आहे. तेथील सहा शेतकरी पूर्वीं डिझेलच्या इंजिनांवर पाणी उपसत असत. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेचे श्री. तुषार शहा व त्यांचे सहकारी यांच्या साहाय्यानें या सहा जणांनीं सौर वीज उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापिली, आणि सन २०१६ मध्यें तिनें वीज विकण्यास आरंभ केला. प्रत्येकाच्या शेतांत पॅनेल व पंप बसविले. परंतु नेहमींच्या सौर पंपाप्रमाणें ते सुटे न ठेवितां एकमेकांस तारेनें जोडले, व ही सर्व जोडणी एका ठिकाणीं वीज कंपनीच्या तारेस मिळविली. पिकास पाणी लागेल तेव्हां शेतकरी पंप चालवितो. न लागेल तेव्हां तीच वीज कंपनीकडे जाते. मध्य गुजरात वीज कंपनीनें मंडळीशीं २५ वर्षांचा करार करून युनिटास ४ रुपये ६३ पैसे दर कबूल केला. याशिवाय संशोधक संस्थेनें आपल्या निधींतून स्वच्छ विजेबद्दल सव्वा रुपया व पाणी वांचविल्याबद्दल सव्वा रुपया असें प्रत्येक युनिटामागें उत्तेजन दिलें. म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं एकंदर ७ रुपये १३ पैसे पडूं लागले. याच्या बदल्यांत सभासदांनीं २५ वर्षें सवलतीच्या दराची शेतीची वीजजोडणी न मागण्याचें मान्य केलें. ही शेवटची अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. देणारा कांहीं तरी घेत असतो, व येथें काय घेतलें तें कागदावर स्पष्ट लिहिलेलें होतें.

आतां पेन्सिल घ्यावी. समजा, ५ किलोवॅटची मांडणी पंपासह ३ लाख रुपयांस पडली. हा आंकडा हिशेबाची रीत समजण्यापुरता आहे. ज्यानें त्यानें आपल्याकडील भाव घालावा. यंत्राचें आयुष्य २० वर्षें धरिलें तर वर्षास १५,००० रुपये घसारा झाला. भांडवल दरवर्षीं थोडें थोडें फिटत जातें, म्हणून सरासरी निम्म्या रकमेवर म्हणजे दीड लाखावर शेंकडा ८ प्रमाणें १२,००० रुपये व्याज. धुणें, दुरुस्ती, मधूनच बदलावा लागणारा कंट्रोलर व पंप यांबद्दल ६,००० धरूं. एकंदर खर्च वर्षास ३३,००० रुपये झाला. पैसे घरचे असले तरी व्याज धरावेंच लागतें. तोच पैसा दुसरीकडे गुंतविला असतां कांहीं तरी मिळविताच.

एक किलोवॅटपासून आपल्या भागांत वर्षास सुमारें १,४०० युनिट वीज निघते. अर्थात् ५ किलोवॅटपासून ७,००० युनिट. सगळीच वीज उपयोगास आली तर युनिटास ४ रुपये ७१ पैसे खर्च पडतो. परंतु ओलित करणारास बाराही महिने पंप लागत नाहीं. पावसाळा, पिकाची काढणी, विहिरीचा तळ उघडा पडण्याचे दिवस हे वजा जातां १३० दिवस काम निघालें व दिवसास २० युनिट लागले असें धरूं. मग उपयोगास आलेली वीज २,६०० युनिटच झाली, आणि त्या प्रत्येक युनिटाचा खर्च १२ रुपये ६९ पैसे बसला. यंत्र तेंच, ऊनही तेंच. दर मात्र पावणेतीनपट. बैलजोडी वर्षभर पोसून चारच महिने औतास जुंपली तर नांगरटीचा खर्च किती चढतो हें शेतकऱ्यास सांगावयास नको. पॅनेल वैरण खात नाहीं एवढ्यावरून तें रिकामें ठेवणें फुकट असें अनेकांस वाटतें. पण व्याज व घसारा हे रात्रंदिवस खातच असतात.

आतां उरलेले ४,४०० युनिट ढुंडीच्या ४ रुपये ६३ पैसे या दरानें विकले असें समजूं. जमा २०,३७२ रुपये झाली. ती ३३,००० मधून वजा करितां ओलिताच्या वांट्यास १२,६२८ रुपये खर्च राहिला, म्हणजे युनिटास ४ रुपये ८६ पैसे. साडेबारा रुपयांचें पाणी पांच रुपयांच्या आंत आलें, तें नव्या यंत्रानें नव्हे, तर असलेलें यंत्र रिकामें न ठेवल्यानें.

हा आंकडा चांगला कीं वाईट हें कशाशीं तुलना करावयाची यावर अवलंबून आहे, आणि येथेंच पुष्कळांचा घोंटाळा होतो. लहान डिझेल इंजिनांत लिटरभर तेलापासून फार तर तीन युनिटांइतकें काम निघतें. लिटरास ९० रुपये धरिले तरी युनिटास ३० रुपये झाले. तेव्हां डिझेलवाल्यास सुटा सौर पंप वर्षांतून चार महिने चालला तरी लाभाचाच आहे. उलट ज्याच्या विहिरीवर कंपनीची तार आहे व ज्याचा पंप साडेसात अश्वशक्तीपर्यंत आहे, त्यास महाराष्ट्र सरकारच्या सन २०२४ च्या योजनेप्रमाणें वीजबिलच माफ झालें. त्याच्या वहींत सौर पंपामुळें वांचणारी रक्कम शून्य येते. त्याचा लाभ दुसरा आहे : दिवसा पाणी. रात्रींच्या पाळीला शेतांत उभें राहणाऱ्यास साप व बिबट्या यांचें भय किती असतें तें रुपयांत मांडतां येत नाहीं. पण म्हणून तें हिशेबाबाहेरचें आहे असें आम्हीं म्हणणार नाहीं.

पाण्याची किंमत.— सुट्या सौर पंपाचा एक गुण हाच त्याचा दोष आहे. एकदां बसविला कीं पुढचा तास चालविण्यास कांहींच पडत नाहीं. जें फुकट तें जपून वापरलें जात नाहीं. ऊन आहे तोंवर पाणी चालूं राहतें, वाफे तुडुंब भरतात, आणि शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी उतरते. वीज विकण्याची सोय झाली म्हणजे हें गणित पालटतें. पांच अश्वशक्तीचा पंप तासास सुमारें ४ युनिट घेतो असें धरिलें तर ४ रुपये ६३ पैसे दरानें प्रत्येक जादा तासास १८ रुपये ५२ पैसे, व उत्तेजन धरून २८ रुपये ५२ पैसे शेतकरी गमावतो. हे पैसे कोणी त्याच्या खिशांतून काढीत नाहीं. ते मिळावयाचे राहतात. अर्थशास्त्रज्ञ यास संधिव्यय म्हणतात. आपण त्यास सोडलेला लाभ म्हणूं. पाण्यावर पट्टी न बसवितां, मोटरीला कुलूप न लावितां, पाण्यास मोल यावें अशी ही युक्ति आहे, व शहा यांच्या संशोधनाचें मर्म आमच्या मतें यांतच आहे. सूर्याची वीज हें एक किफायतीचें पीक मानावें, आणि त्या पिकाशीं पाण्याच्या उपशाची स्पर्धा लावून द्यावी.

युक्ति सुंदर आहे. तथापि ती किती चालते तें दरावर ठरतें. युनिटास ३ रुपयेच मिळाले तर सोडलेला लाभ तासाला १२ रुपये उरतो. उंसाला किंवा केळीला आणखी दोन तास पाणी द्यावें असें ज्याच्या मनांत आलें आहे, तो चोवीस रुपयांसाठीं थांबेल असें आम्हांस वाटत नाहीं. हरभऱ्यावाला कदाचित् थांबेल.

प्रयोग कसा वाचावा.— अशा संशोधनाचा निष्कर्ष वाचतांना तीन गोष्टी तपासाव्या. भांडवल कोणाचें होतें? ढुंडींत त्याचा मोठा भाग संशोधनाच्या निधींतून आला; शेतकऱ्यांनीं भरलेली रक्कम त्या मानानें थोडी होती. आम्हीं वर जें ३३,००० रुपयांचें वर्षाचें ओझें मांडलें तें त्यांच्या डोक्यावर पूर्ण नव्हतें. दुसरी गोष्ट, माणसें कोण होतीं? सहा जण आपण होऊन पुढें आलेले, व डिझेलला कंटाळलेले. ज्यास वीज आधींच फुकट आहे अशा सहाशें जणांचें वर्तन या सहांवरून ताडतां येणार नाहीं. तिसरी व आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भुई. खेड्याची जमीन गाळाची, तिच्या पोटांत पाणी दूरवर पसरून राहतें. दख्खनचा काळा कातळ तसा नव्हे. येथें पाणी मुरमांत व खडकाच्या भेगांत साठतें, सांठा थोडा असतो, व कित्येक विहिरी फाल्गुन-चैत्रांतच आटतात. येथें पंपास लगाम विजेच्या दराचा नसून विहिरीच्या तळाचा असतो, आणि एकाच्या अति उपशाचा फटका बांधापलीकडच्यास त्याच हंगामांत बसतो. सबब वीज विकण्याचा लाभ आपल्याकडे थोडा अधिकच ठरावा, कारण विहीर कोरडी पडल्यावर पॅनेल उन्हाळाभर रिकामें बसतें, आणि ऊन तर तेव्हांच सर्वांत कडक.

पुढें गुजरात सरकारनें सन २०१८ मध्यें सूर्यशक्ति किसान योजना काढली. तिच्यांत शेतकऱ्यानें शेंकडा ५ भरावे, शेंकडा ३० अनुदान, बाकी कर्ज. पहिलीं सात वर्षें युनिटास ७ रुपये व नंतरचीं अठरा वर्षें साडेतीन रुपये, अशी रचना होती. कर्ज फिटेपर्यंत दर चढा व मग उतरता, ही मांडणी कर्जाची मुदत व उत्पन्न यांचा मेळ घालणारी आहे, व धंद्याच्या शास्त्रास धरून आहे. केंद्राची कुसुम योजना सन २०१९ ची. महाराष्ट्रांत सन २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषि पंप या नांवानें जी योजना सुरू झाली, तिच्यांत सामान्य शेतकऱ्यानें शेंकडा १० व अनुसूचित जाति-जमातींतील शेतकऱ्यानें शेंकडा ५ भरावयाचे. अडीच एकरांपर्यंत तीन, पांच एकरांपर्यंत पांच व त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप. स्वतःचें भांडवल इतकें थोडें लागतें कीं, शेतकऱ्यापुरता हिशेब सहज जमतो. परंतु हे पंप सुटे आहेत. ओलित संपलें कीं वीज वायां जाते. असा पंप घेणारानें कंट्रोलर घेतेवेळीं त्यावर कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालवितां येईल कां हें विचारावें. तशा जातीचे कंट्रोलर निघाले आहेत.

ज्यांच्याजवळ पडीक माळ आहे त्यांस आणखी एक मार्ग आहे. राज्याच्या सौर कृषि वाहिनी योजनेच्या सन २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यांत उपकेंद्राजवळची जमीन हेक्टरी वर्षास १ लाख २५ हजार रुपये भाड्यानें घेण्याचें व त्यांत दरसाल शेंकडा ३ वाढ देण्याचें ठरलें. कोरडवाहू माळास हें भाडें उत्तम आहे, बागाईतास नव्हे. शिवाय भाडें जमिनीच्या मालकास मिळतें, ती कसणारास नव्हे, हेंही गांवानें बोलून घ्यावें.

मंडळी करण्यांत ढुंडीकरांस काय मिळालें तेंही सांगितलें पाहिजे. पांच किलोवॅटच्या सुट्या शेतकऱ्याशीं करार करणें, त्याचा मीटर वाचणें, बिल काढणें हें कंपनीस परवडत नाहीं. मंडळीमुळें कंपनीस एकच मीटर वाचावा लागतो. कोणाच्या शेतांतून किती वीज आली त्याचा आंतला हिशेब मंडळी ठेविते व पैसे वांटते. तारेंतली गळती, चोरी, पॅनेलवरची धूळ, एखाद्याच्या आंब्याची शेजारच्या पॅनेलवर पडणारी सावली, हे सारे तंटे मग घरांतच मिटवावे लागतात. सावलीचें विशेष सांगतों : ओळींतील एका पॅनेलवर ती पडली तरी सबंध ओळीचें उत्पन्न घटतें. ज्या गांवीं पाणीवांटपाची फड पद्धति किंवा सोसायटी नीट चालली आहे तेथें हें जमेल. जेथें सोसायटीची वार्षिक सभा कागदावरच होते, तेथें या भानगडींत न पडतां सुटा पंप घेतलेला बरा.

अर्ज करण्यापूर्वीं एक वर्षभर तरी पुढील नोंद ठेवावी. पंप चालला तो दिवस व तास. कोणत्या पिकास पाणी दिलें. त्या सायंकाळीं विहिरीची पातळी काठापासून किती हात होती. आणि पंप मुळींच चालला नाहीं असे दिवस किती. पहिल्या दोन रकान्यांवरून पंपाची शक्ति ठरते, तिसऱ्यावरून ती विहिरीस सोसेल कीं नाहीं तें कळतें, व शेवटचा रकाना म्हणजे रिकाम्या दिवसांचा. तो शंभराच्या आंत असेल तर सुटा पंप पुरे. दोनशेंच्या वर असेल तर शेजाऱ्यांस बोलावून एकत्र जोडणीविषयीं वीज कंपनीच्या कचेरींत चौकशी करावी, व दर किती वर्षांसाठीं बांधून मिळतो हा प्रश्न पहिल्यानें विचारावा.